प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या: सात युगं की सात गावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या बायबल अभ्यासगटात पाळकसाहेबांनी एक तक्ता दाखवला. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातल्या सात मंडळ्या म्हणजे ख्रिस्ती इतिहासाची सात युगं, इफिस म्हणजे प्रेषितांचा काळ आणि आपण सगळे शेवटच्या, लावदिकीयाच्या कोमट युगात. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे कितपत खरं? ‘थंड असतास तर बरं’ असं प्रभू म्हणतो, म्हणजे कोमट विश्वासणाऱ्यापेक्षा अविश्वासी बरा का? आणि या मंडळ्या आज तिथे उरल्या नाहीत, तो देवाचा न्यायच म्हणायचा का? शेवटी, तुमचा गट तुर्कस्तानला जाणार आहे, तर सातही ठिकाणं बघावीत का, हेही आहे.

पहिल्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तो तक्ता आपल्याकडे कितीतरी ठिकाणी भक्तिभावाने शिकवला जातो, आणि शिकवणारी माणसं पवित्र शास्त्रावर जीव असलेलीच असतात. प्रकटीकरण मी बरीच वर्षं शिकवतो आणि या गावांना गट घेऊन जातो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: या सात मंडळ्यांना लिहिलेली ही पत्रं आधी त्या त्या गावात उभं राहून वाचावीत. गावातून उचलली की ती कुणाच्याही हातात कुठल्याही अर्थाची होतात.

प्रकटीकरण या मंडळ्यांना ‘आशियातल्या’ म्हणतं. हा आशिया म्हणजे खंड नव्हे, रोमन साम्राज्याचा एक प्रांत, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. पर्गमचा राजा तिसरा अत्तलस इ.स.पू. 133 मध्ये वारला आणि मृत्युपत्राने राज्य रोमला देऊन गेला, तिथून हा प्रांत उभा राहिला. बंदरं, लोकर, रंगकाम, सावकारी यांवर गब्बर झालेला मुलूख. प्रकटीकरण लिहिणारा योहान होता समोरच्या समुद्रातल्या पात्म बेटावर. बहुतेक अभ्यासक पुस्तकाचा काळ सम्राट डोमिशियनच्या अखेरीचा, म्हणजे इ.स. 95 च्या आसपासचा धरतात. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयसही तेच सांगतो, आणि त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण लहानपणी त्याने याच प्रांतात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला ऐकलं होतं.

आता नकाशा घ्या आणि सात नावं क्रमाने जोडा. इफिसहून उत्तरेला स्मुर्णा, पुढे पर्गम, तिथून रस्ता आत वळतो: थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, आणि शेवटी आग्नेयेला लावदिकीया. पुस्तक घेऊन निघालेला माणूस ज्या वाटेने चालत गेला असता, तोच हा क्रम. विल्यम रॅम्से या पुरातत्त्वज्ञाने 1904 मध्ये हे ठासून मांडलं, आणि या सात गावांतून आजूबाजूच्या मंडळ्यांना मजकूर पोचत असावा असंही सुचवलं. त्याचा दुसरा भाग अंदाजाचा आहे. पण पहिला नकाशावर स्वच्छ दिसतो, आणि काळाचा क्रम शोधायला निघण्यापूर्वी रस्त्याचा क्रम बघावा, एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

मग सातच का? प्रांतात मंडळ्या सातच नव्हत्या. त्रोवस इथे होती, कलस्सै आणि हेरापली तर लावदिकीयाच्या अगदी शेजारी. सात हा पूर्णतेचा आकडा, आणि जुन्या वाचकांनी तो तसाच घेतला. नव्या कराराच्या पुस्तकांची एक फार जुनी यादी मुरातोरी तुकडा म्हणून ओळखली जाते. तिच्यात म्हटलंय की योहान सात मंडळ्यांना लिहितो पण सगळ्यांशी बोलतो, आणि पौलानेही सातच मंडळ्यांना पत्रं लिहिली. इ.स. 300 च्या सुमारास रक्तसाक्षी झालेला व्हिक्टोरिनस, ज्याचं प्रकटीकरणावरचं लॅटिन भाष्य आजही उपलब्ध आहे, तोही हेच सांगतो. सात म्हणजे सगळ्या, हा अर्थ पहिल्यापासूनचा. सात म्हणजे सात युगं ही मांडणी जोर धरते ती सोळाव्या-सतराव्या शतकात, युरोपात.

तिची गंमत बघा. इंग्लंडचा थॉमस ब्राइटमन 1607 मध्ये वारला. त्याने मांडलं की सार्दीस म्हणजे जर्मनीतली ल्यूथरपंथी मंडळी, फिलदेल्फिया म्हणजे जिनिव्हा आणि स्कॉटलंड, आणि लावदिकीया म्हणजे त्याच्याच डोळ्यांपुढची चर्च ऑफ इंग्लंड. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच लावदिकीया येऊन ठेपली होती! पुढे एकोणिसाव्या शतकात तक्ता नव्याने आखला गेला, 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून घरोघरी पोचला, आणि मिशनऱ्यांच्या सामानातून आपल्याकडे आला. त्यात फिलदेल्फिया म्हणजे मिशनकार्याचं युग. तक्ता वापरणारी प्रत्येक पिढी स्वतःला शेवटच्या घरात बसवते आणि आधीची घरं त्या हिशेबाने सरकवते.

माझी त्याहून मोठी हरकत अशी की हा सगळा इतिहास युरोपाचा आहे. तक्त्याप्रमाणे ‘पर्गम युग’ इ.स. 313 नंतर सुरू होतं: राजाश्रय मिळाला, मंडळी सत्तेशी लग्न लावून बसली. रोममध्ये काही अंशी खरंही. पण नेमक्या त्याच शतकात, 340 च्या सुमारापासून, इराणच्या दुसऱ्या शापूरने तिथल्या ख्रिस्ती लोकांचा जबर छळ केला. ते कुठल्या घरात बसवायचे? सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की भारताच्या किनाऱ्यावर ‘कल्लियाना’ इथे ख्रिस्ती मंडळी आहे आणि तिचा बिशप इराणहून नेमून येतो. हे आपलं ठाण्याजवळचं कल्याण असावं असं अनेकांचं मत आहे. केरळातले थोमाचे ख्रिस्ती तर आहेतच. कल्याणची मंडळी, मलबारची मंडळी, इथिओपिया, आर्मेनिया, कुणालाही त्या तक्त्यात जागा नाही. जो तक्ता आपल्या पूर्वजांनाच वगळतो तो आपण भिंतीवर का लावावा?

तक्त्याच्या बाजूने प्रकटीकरण 1:19 पुढे केलं जातं: जे पाहिलंस, जे आहे आणि जे यानंतर होणार आहे ते लिही. पण तिथे पत्रं ‘जे आहे’ या खात्यात येतात, ‘होणार’ या नव्हे. शिवाय प्रत्येक पत्राचा शेवट बघा. पत्र एका मंडळीच्या दूताला लिहिलेलं, पण ‘आत्मा मंडळ्यांना काय म्हणतो ते ऐको’ हे अनेकवचनी. आणि 1:11 मध्ये आज्ञा आहे की एक पुस्तक लिहून सातही ठिकाणी पाठव. म्हणजे बंद पाकिटात सात खाजगी पत्रं नव्हतीच. सार्दीसची खरडपट्टी फिलदेल्फियाने ऐकली, लावदिकीयाची इफिसने. इफिसचे लोक सगळ्या गोष्टी मोठ्याने वाचल्या जाताना शेजारी बसून ऐकताहेत, हे डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना सगळं लागू पडतं, एकाच वेळी.

रचनेचाही एक बारकावा सांगतो, पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. प्रत्येक पत्रात ख्रिस्ताची ओळख पहिल्या अध्यायातल्या दर्शनातून किंवा त्याच्या आसपासच्या वर्णनातून उचललेली असते आणि विजयी होणाऱ्याला दिलेलं अभिवचन पुस्तकाच्या शेवटी जाऊन पोचतं. इफिसला जीवनाचं झाड, ते बाविसाव्या अध्यायात भेटतं. स्मुर्णाला दुसऱ्या मरणापासून अभय, ते विसाव्यात. फिलदेल्फियाला नवं यरुशलेम, ते एकविसाव्यात. पहिल्या तीन पत्रांत आधी ‘ज्याला कान आहेत’ येतं आणि मग अभिवचन. थुवतीरापासून हा क्रम उलटतो. का उलटतो यावर कागद पुष्कळ काळे झालेत, माझं समाधान कुणी केलेलं नाही. पण पत्रं उरलेल्या पुस्तकाला घट्ट शिवलेली आहेत हे कळतं. दुसरा-तिसरा अध्याय वेगळा काढून त्याचा स्वतंत्र तक्ता बनवला की ही शिवण उसवते.

आता गावांकडे. सातही सारख्या तपशिलाने घेणार नाही.

थुवतीरा हे सातांत तसं किरकोळ गाव, आणि पत्र मात्र सगळ्यांत लांब. तिथल्या उत्खननात आणि आसपास सापडलेल्या शिलालेखांत कारागिरांच्या संघांची नावं येतात: लोकरवाले, तागाचं कापड विणणारे, रंगारी, चांभार, कासार, कुंभार, भटारी. प्रेषितांची कृत्ये 16 मधली जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया इथलीच. त्या काळी संघात असल्याशिवाय धंद्यात पाय रोवणं अवघड, आणि संघाची मेजवानी म्हणजे कुठल्यातरी देवतेच्या नावाने झालेलं जेवण, बहुधा नैवेद्याच्या मांसाचं. इथे ईजबेल या टोपणनावाची एक संदेष्टी शिकवत होती की तिथे बसून जेवलं म्हणून काही बिघडत नाही. पर्गमात बलामाच्या नावाने तेच, निकलाइत नावाच्या गटाची शिकवणही त्याच वळणाची. पत्रातला जारकर्माचा आरोप शब्दशः घ्यायचा की होशेयासारख्या संदेष्ट्यांच्या परंपरेप्रमाणे मूर्तिपूजेला दिलेलं नाव म्हणून, यावर मतभेद आहेत. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण खाण्याचा प्रश्न अगदी खरा होता.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे सगळ्यांच्या हातावर येतात. शेजारच्या मशीनवरचा मित्र प्रेमाने देतो. घ्यायचा की नाही, यावर आपल्या घरांत वाद झालेत आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. पौल करिंथकरांना या प्रश्नावर तीन अध्याय देतो आणि बऱ्यापैकी मोकळीक ठेवतो. योहान कडक आहे. दोघांमधलं हे अंतर मी झाकत नाही, कारण परिस्थिती वेगळी होती. योहानाच्या काळी त्या जेवणात सम्राटपूजा मिसळली होती, आणि नकार देणाऱ्याच्या जिवावर बेतू शकत होतं. इ.स. 112 च्या सुमारास शेजारच्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना आपण सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला सांगतो, न ऐकणाऱ्यांना मृत्युदंड देतो. कारखान्यातल्या पेढ्याला ती धार नाही. म्हणून थुवतीराचं पत्र घेऊन सहकाऱ्यांशी भांडायला जाऊ नये. आपल्या आयुष्यात कुठल्या गोष्टीला ‘धंद्यासाठी करावंच लागतं’ असं आपण म्हणत आलोय, ते मात्र या पत्रापुढे तपासावं, आणि ती बहुतेकदा पूजेपेक्षा हिशेबाच्या वह्यांत असते.

पर्गमातलं ‘सैतानाचं आसन’ नेमकं कुठलं? टेकडीवरची झ्यूसची भव्य वेदी, असं गाइड सांगतात. ती कार्ल हुमानने 1878 पासून उकरून जर्मनीला नेली, बर्लिनमध्ये आहे. मला सम्राटपूजेचा अर्थ जास्त पटतो. प्रांतातलं ऑगस्टस आणि रोमा देवीचं पहिलं मंदिर इ.स.पू. 29 मध्ये इथेच मंजूर झालं, आणि पत्रात ज्याचं नाव येतं तो विश्वासू साक्षीदार अंतिपा मारला गेला तोही इथेच.

सार्दीस ही राजा क्रेससची राजधानी, त्याच्या संपत्तीची कीर्ती आजही आहे. तिचा गड अभेद्य मानला जाई आणि दोनदा पडला तो गाफीलपणामुळे: इ.स.पू. सहाव्या शतकात इराणच्या सायरसकडून, मग इ.स.पू. 214 मध्ये तिसऱ्या अँटिओकसकडून. दोन्ही वेळा शत्रू त्या कड्याने चढून आला जिथे पहारा ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती. गडाखाली उभं राहून मान वर केली की ते कडे दिसतात, आणि ‘जागा राहा, नाहीतर मी चोरासारखा येईन’ हे वाक्य त्या गावातल्या लोकांना कसं बोचलं असेल ते कळतं.

स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींनाच ठपका नाही. दोन्ही पत्रांत ‘सैतानाची सभा’ हा कठोर शब्द येतो, आणि त्याचा पुढे यहुदी लोकांविरुद्ध फार वाईट वापर झाला. इथे थांबायला हवं. योहान स्वतः यहुदी, त्याच्या पानापानांत यशया, यहेज्केल, दानीएल. एका घरातल्या भांडणातला तो शब्द आहे, तोही छळ सोसणाऱ्या अल्पसंख्य बाजूचा. सत्ता हाती आल्यावर दुसऱ्यांवर फेकायचा तो दगड नव्हे.

फिलदेल्फियाबद्दल एकच. इ.स. 17 च्या भूकंपात हे गाव आणि सार्दीस दोन्ही जमीनदोस्त झाली. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की फिलदेल्फियाच्या भिंतींना सतत तडे जात आणि बरेच लोक गावाबाहेर शेतांत राहत. विजयी होणाऱ्याला मंदिराचा खांब करीन, तो पुन्हा बाहेर जाणार नाही, हे अभिवचन त्या लोकांना दिलेलं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लावदिकीया. गाव मोठं, सावकारी पेढ्यांचं, काळ्या मऊ लोकरीसाठी नावाजलेलं, जवळच वैद्यकशाळा. इ.स. 60 च्या भूकंपानंतर सम्राटाची मदत न घेता ते स्वतःच्या पैशांनी उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. ‘मला कशाचीही उणीव नाही’ हे वाक्य पत्रात येतं ते या पार्श्वभूमीवर. सोनं, पांढरी वस्त्रं, डोळ्यांत घालायचं अंजन, तिन्ही उपाय गावाच्या तिन्ही अभिमानांवर बोट ठेवतात.

एक गोष्ट गावाकडे नव्हती: चांगलं पाणी. दक्षिणेच्या झऱ्यांवरून ते काही किलोमीटर पाइपांतून आणावं लागे. दगडी ठोकळ्यांना आरपार भोक पाडून जोडलेले ते पाइप आजही तिथे पडलेत आणि आतून क्षाराचे जाड थर बसून निम्म्याहून अरुंद झालेत. बोट घातलं तर खरखरीत लागतं. पाणी इतकं मोलाचं की इ.स. 114 च्या शिलालेखात ते घाण करणाऱ्याला, चोरणाऱ्याला हजारो दिनारांचा दंड लिहिलाय. उत्तरेला दहा-एक किलोमीटरवर हेरापली, आजचं पामुक्कले, तिथे सुमारे 35 अंशांचे गरम झरे, लोक उपचाराला येत. दुसऱ्या बाजूला कलस्सै, डोंगराचं गार पाणी. अनेकांनी म्हटलंय की गरम म्हणजे हेरापलीसारखं बरं करणारं, थंड म्हणजे कलस्सैसारखं तहान भागवणारं, आणि कोमट म्हणजे लावदिकीयाचं, तोंडात घेऊन थुंकावं असं.

यावर आक्षेपही आहेत. स्ट्रेबो म्हणतो की इथलं पाणी दगड बनवतं, तरी पिण्याजोगं आहे. काही अभ्यासक त्यापेक्षा जेवणाच्या पंगतीकडे बोट दाखवतात: त्या काळी द्राक्षारस गरम पाणी घालून किंवा गार करून देत, कोमट कुणी देत नसे. पत्राच्या शेवटी प्रभू दाराशी उभा राहून जेवायला आत येऊ म्हणतो, ते या अर्थाला जुळतं. तुमच्या प्रश्नापुरता कुठलाही अर्थ घ्या, निकाल एकच लागतो. गरमही चांगलं, थंडही चांगलं. थंड म्हणजे अविश्वासी, हे समीकरण वचनात कुठेही नाही. 3:15 ची सुरुवात ‘तुझी कृत्यं मला ठाऊक आहेत’ अशी आहे. विषय भावनेच्या तापमानाचा नाही, त्या मंडळीचा कुणालाच काही उपयोग उरलेला नाही, हा आहे. उपासनेत रडणारी, टाळ्या वाजवणारी मंडळीही कोमट असू शकते आणि गंभीर चेहऱ्याने बसणारी नसू शकते. आणि 3:20 मधलं ते दार सुवार्तेच्या सभांमध्ये आपण अविश्वासी माणसाच्या हृदयाचं म्हणून वापरतो, तरी इथे ते मंडळीचंच दार आहे. प्रभू तिच्या बाहेर उभा आहे.

तिसरा प्रश्न: त्या मंडळ्या नाहीशा झाल्या ती शिक्षा का? इफिसला ‘समई काढून टाकीन’ अशी ताकीद होती खरी. पण तिथली मंडळी पुढे शतकानुशतकं टिकली. 431 मध्ये जगभरच्या बिशपांची महासभा इफिसलाच भरली. गाव ओस पडलं त्याला नदीच्या गाळाने बुजलेलं बंदर मोठं कारण. आणि ज्यांना ठपका नव्हता त्यांचं काय? फिलदेल्फिया आशिया मायनरच्या अंतर्भागात सगळ्यांत शेवटी, 1390 मध्ये सुलतान बायझिदकडे गेली, आणि त्या वेढ्यात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटघराण्यालाच सुलतानाच्या बाजूने उभं राहावं लागलं. स्मुर्णात, आजच्या इझ्मिरमध्ये, मोठा ख्रिस्ती समाज विसाव्या शतकापर्यंत होता. 1922 च्या सप्टेंबरमध्ये शहराचा ग्रीक आणि आर्मेनियन भाग जळाला, 1923 च्या करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली, आणि दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती माणसांना तुर्कस्तान सोडावं लागलं. उलट दिशेने मुसलमान कुटुंबं ग्रीसमधून उखडली गेली. पॉलिकार्पच्या शहरातले ते निर्वासित प्रभूला कोमट वाटले म्हणून गलबतांवर चढले, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ईयोबाचे मित्र असंच बोलत होते.

सहलीचं. इफिस, पर्गम, सार्दीस आणि लावदिकीया यांना प्रत्येकी निदान अर्धा दिवस द्या. पर्गमला गडावर केबल कारने जाता येतं, गटात वयस्कर मंडळी असतील तर हे आधी ठरवा. सार्दीसला 1962 मध्ये सापडलेलं यहुद्यांचं प्राचीन सभास्थान चुकवू नका, लोक मंदिर बघून घाईने निघतात. थुवतीरा म्हणजे अखिसार शहराच्या मध्यात कुंपण घातलेला एक तुकडा, पाऊण तास पुष्कळ झाला. फिलदेल्फियात, अलाशेहिरमध्ये, विटांचे काही भव्य खांब तेवढे उरलेत. इझ्मिरमध्ये जुना बाजारचौक आणि सेंट पॉलिकार्पचं चर्च. तिथे आत जायचं तर आधी वेळ विचारून घ्यावी लागते. उन्हाळ्यात जाऊ नका, लावदिकीयाला सावली नाही. हेरापली त्याच दिवशी करा आणि कलस्सैला जायला गाडीवाला कुरकुर करेल, कारण तिथे एका टेकाडापलीकडे बघण्यासारखं काही नाही, तरी त्याला न्यायला लावा. प्रत्येक ठिकाणी पत्र मोठ्याने वाचायला एकाला आधीच नेमून ठेवा, आणि वाचताना तक्ता हॉटेलवर राहू द्या.